शिट्टी वाजली की हात सुटला पाहिजे

केशोरी, १९०५

धान कापून झालंय. बांधीतला चिखल वाळून कडक झालाय आणि धसकटं तळपायाला टोचतायत. तुम्ही अनवाणी उभे आहात, कमरेला लंगोट. समोर कुणीतरी टाचेनं एक रेघ ओढली आहे. ती मध्यरेषा. बाकी मैदानाला लांबी नाही, रुंदी नाही. पळायला जागा आहे तिथवर मैदान. गोंदिया नावाचा जिल्हा व्हायला अजून चौऱ्याण्णव वर्षं आहेत. हा भंडारा जिल्ह्याच्या टोकाचा जंगलपट्टा आहे आणि खेळ आहे हुतुतू.

पलीकडचा गडी दम घेत रेघ ओलांडतो. तुम्ही डाव्या कोपऱ्यात. तो पाय लांबवतो आणि तुम्ही त्याच्या घोट्यावर झडप घालता. दोन्ही हातांच्या बोटांची कडी घट्ट बसते. तो आडवा होतो, तुमचे साथीदार अंगावर कोसळतात. इथवर सगळं चोख. मग कुणाचा तरी पंजा त्याच्या तोंडावर जातो, दम कोंडायला. कुणीतरी त्याची शेंडी धरतं.

"माहा दम होता गा!" तो ढिगाखालून ओरडतो.

"तुटला होता!" तुमच्याकडून उत्तर जातं.

निवाडा करायला कुणी नाही. बांधावर बसलेला एक म्हातारा हात हलवून काही सांगू पाहतो, पण दोन्हीकडचे गडी एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे आहेत. तुमची पकड इतकी सुरेख होती की तिच्याबद्दल महिनाभर बोललं गेलं असतं. आता तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढणार नाही. बोललं जाईल ते शेंडी कुणी ओढली याबद्दल.

हे नीट लक्षात ठेवून पुढे चला. या प्रवासात तुम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसणार आहे: जोर आणि बेशिस्त शेजारी शेजारी राहतात, पण त्यांचं घर एक नाही.

वॉशिंग्टन, ९ ऑक्टोबर १९०५

महिनाभर मागे या, आणि अर्धी पृथ्वी ओलांडून व्हाइट हाऊसमध्ये भिंतीला टेकून उभे राहा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या फुटबॉलची सूत्रं हलवणाऱ्या माणसांना बोलावून घेतलं आहे. या खेळाला आकार देणारे येलचे वॉल्टर कॅम्पही आले आहेत. विषय एकच. खेळात पोरं मरतायत. हा मोसम संपेपर्यंत अमेरिकी वर्तमानपत्रं किमान १८ मृत्यू मोजणार आहेत, बहुतेक शाळा-कॉलेजातली मुलं.

खेळ असा आहे. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं. चेंडू हातानं पुढे फेकायला बंदी. मग उरतं काय? सगळ्यांनी एकत्र जमून समोरच्या फळीवर धडक मारायची. माणसांचा ढीग होतो, आणि ढिगाच्या आत काय चाललंय ते पंचाला दिसत नाही. तिथे ठोसे बसतात, डोळ्यांत बोटं जातात, गुडघे बरगड्यांत घुसतात.

रूझवेल्ट मवाळ माणूस नव्हे. अंगमेहनतीचे, धोक्याचे खेळ त्याला मनापासून आवडतात. त्याचा मुलगा टेड याच मोसमात हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघातून खेळतोय. खेळातला जोर कमी करा, असं त्याला म्हणायचं नाही. त्याला नको आहे तो ढिगाच्या आडून केलेला घात. तरीही प्रश्न सहजी सुटत नाही. मोसमानंतर कोलंबिया विद्यापीठ फुटबॉल बंदच करून टाकतं.

१९०६ मध्ये नियम बदलतात. पाच यार्डांऐवजी दहा यार्ड. दोन फळ्यांच्या मध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी पट्टी. आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी. पुढच्या काही वर्षांत माणसं ढिगातून मोकळ्या मैदानात येतात. वेग वाढतो, धडका होतात त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतात. ज्यांना वाटलं होतं की नियमांनी खेळ लेचापेचा होईल, त्यांना पुढच्या शंभर वर्षांनी उत्तर दिलं. अंधार काढून घेतल्यावर जोर उघड्यावर आला आणि लोकांना तो पाहण्याजोगा वाटला.

बडोदा, १९२३; बर्लिन, १९३६

इकडे आपल्या मातीतही तेच काम सुरू झालंय. पुण्यात, साताऱ्यात, बडोद्यात माणसं हुतुतूचे नियम बांधायला कागद-पेन्सिल घेऊन बसलीत. मैदान किती लांब, गडी किती, बाद झालेला उठतो कधी, की उठतच नाही. संजीवनी, गनिमी, अमर असे तीन प्रकार गावोगाव चालतात आणि प्रत्येक गावाला आपलाच खरा वाटतो. १९२३ मध्ये बडोद्यात हिंद विजय जिमखान्याच्या पुढाकारानं लिखित नियमांवर स्पर्धा भरते. तुम्ही तिथे कडेला उभे आहात आणि पहिल्यांदाच पाहताय की पकड बसल्यावर दोन्ही संघ एका तिऱ्हाईत माणसाच्या तोंडाकडे बघतायत.

तेरा वर्षं पुढे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची तुकडी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम आणि खेळांचं प्रात्यक्षिक दाखवते. त्यात कबड्डी आहे, हुतुतूचंच नियमात बसवलेलं रूप. प्रेक्षकांना भाषा कळत नाही, दम म्हणजे काय हे ठाऊक नाही. पण एक माणूस एकटा शत्रूच्या घरात शिरतो आणि समोरचा सगळा संघ त्याला कोंडतो, हे कळायला दुभाष्या लागत नाही. विदर्भातली मातीची विद्या जगापुढे गेली ती नियमांच्या जोरावर. शेंडी ओढणारा हुतुतू बर्लिनला नेता आला नसता.

पुढे हे नियम पक्के होत गेले. चढाई करणाऱ्याचं तोंड दाबायचं नाही, गळा आवळायचा नाही, पायांची कैची घालायची नाही, केस किंवा कपडे धरायचे नाहीत. आणि यातलं काही केलंत तर तो गडी बादच होत नाही. या नियमातलं शहाणपण बघा. तुमची पकड कितीही भक्कम असो, तिला बेशिस्तीचा एक हात लागला की नियमाच्या लेखी ती पकडच राहत नाही.

सिनसिनाटी, ९ जानेवारी २०१६

पाऊस पडतोय. ओहायो राज्यातलं पॉल ब्राऊन स्टेडियम खच्चून भरलंय. नॅशनल फुटबॉल लीगच्या बाद फेरीचा सामना आहे, सिनसिनाटी बेंगल्स विरुद्ध पिट्सबर्ग स्टीलर्स. बेंगल्सनी जानेवारी १९९१ नंतर बाद फेरीतला एकही सामना जिंकलेला नाही. पंचवीस वर्षांची तहान आहे ही.

तिसऱ्या सत्राच्या शेवटी ते ०-१५ असे मागे होते. आता चौथ्या सत्रात, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ असताना, ते १६-१५ असे पुढे आलेत. तुमच्या शेजारचा माणूस रडतोय.

बेंगल्सचा व्हॉन्टेझ बर्फिक्ट हा बचावपटू आज झपाटल्यासारखा खेळलाय. यानंच स्टीलर्सच्या क्वार्टरबॅकला, चेंडू फेकणाऱ्या बेन रॉथलिसबर्गरला, जमिनीवर आपटून खांद्याच्या दुखापतीनं मैदानाबाहेर घालवलं होतं. आणि आत्ता, दीड मिनिट उरलेलं असताना, त्यानंच प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतल्या हवेत झेलून चेंडू आपल्या संघाला मिळवून दिलाय. सामना संपल्यात जमा आहे. चेंडू सांभाळून वेळ काढायचा, एवढंच काम.

पण पुढच्याच चालीत बेंगल्सच्या धावपटूच्या हातून चेंडू सुटतो. चेंडू पुन्हा स्टीलर्सकडे. रॉथलिसबर्गर दुखऱ्या खांद्यानिशी परत येतो आणि छोट्या छोट्या फेकींनी संघाला पुढे सरकवतो. २२ सेकंद उरलीत. चेंडू बेंगल्सच्या ४७ यार्डांच्या रेषेवर. इथून गोल मारणं जवळजवळ अशक्य. तो अँटोनिओ ब्राऊनकडे चेंडू फेकतो, नेम चुकतो, चेंडू निसटतो. बचाव जिंकला आहे.

आणि त्याच क्षणी बर्फिक्ट येऊन ब्राऊनच्या डोक्यावर खांदा घालतो.

पंचाचा पिवळा रुमाल हवेत उडतो. १५ यार्डांचा दंड. ब्राऊन जमिनीवर पडलाय. मैदानात स्टीलर्सचे एक सहाय्यक प्रशिक्षक आलेत, त्यांच्याशी वादावादी सुरू होते, आणि बेंगल्सचा अॅडम जोन्स स्वतःला आवरत नाही. दुसरा रुमाल. आणखी १५ यार्ड. एकही चाल न खेळता चेंडू ४७ वरून १७ वर आलाय. स्टीलर्सचा ख्रिस बॉसवेल ३५ यार्डांवरून गोल मारतो. १४ सेकंद बाकी. १८-१६.

स्टेडियममधून बाहेर पडणाऱ्या गर्दीबरोबर चाला आणि जे पाहिलंत ते नीट लावून बघा. ज्या माणसानं सामना जिंकून आणला होता, त्यानंच तो घालवला. पुढच्या मोसमातले तीन सामने त्याला बंदीमुळे बाहेर बसावं लागलं. लोक म्हणतील, त्याचा स्वभावच आक्रमक, एक घेतलं की दुसरं येणारच. हे खरं मानू नका. चेंडू झेलला तेव्हा तो चेंडूकडे बघत होता. धडक मारली तेव्हा चेंडू खेळाबाहेर गेला होता आणि तो माणसाकडे बघत होता. दोन्ही वेळा जोर तेवढाच, अंग तेच. लक्ष्य बदललं होतं.

अमेरिकी फुटबॉलमध्ये चुकांचे दंड वेगवेगळे आहेत ते याचसाठी. घाईनं रेषा ओलांडलीत, पाच यार्ड. हरतोय असं दिसल्यावर समोरच्याला बेकायदा धरून ठेवलंत तर आक्रमकांना दहा. खेळ थांबल्यावर किंवा गरज नसताना माणसाला दुखवलंत, पंधरा. पहिली चूक उतावळेपणाची, दुसरी कमी पडल्याची, तिसरी रागाची. पहिली जो कधीच करत नाही तो बहुधा पुरेशा ईर्षेनं खेळत नाही. दुसरी सरावानं सुधारते. तिसरीला संघात जागाच नाही, कारण तिच्यातून मिळवण्यासारखं काही नसतंच. चेंडू मेलेला असतो.

हांगझोऊ, ७ ऑक्टोबर २०२३. हैदराबाद, १ मार्च २०२४

आशियाई खेळांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २८-२८. जेमतेम एक मिनिट उरलंय आणि पवन सेहरावत 'करो या मरो' चढाईवर, म्हणजे गुण आणलाच पाहिजे अशा चढाईवर जातो. कुणालाही स्पर्श न करता तो राखीव क्षेत्रात शिरतो, त्याच्यामागे इराणचे बचावपटू. कोण बाद? किती गुण? पंचांचा निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे. दोन्ही संघ आलटून पालटून हटून बसतात. जवळपास तासभर सामना थांबतो. शेवटी खेळ पुन्हा सुरू होतो आणि भारत ३३-२९ असा जिंकतो.

भारताच्या त्या संघात नगरचा अस्लम इनामदार आहे, नाशिकचा आकाश शिंदे आहे. समोर इराणकडून डाव्या कोपऱ्यात मोहम्मदरेझा शादलू. अंगावर धावून जाऊन पकड घालणारा गडी, ज्याच्या डोळ्यांतली आग शेवटच्या रांगेतूनही दिसते.

पाच महिने पुढे या, हैदराबादला. प्रो कबड्डीच्या दहाव्या पर्वाचा अंतिम सामना. अस्लम पुणेरी पलटनचा कर्णधार आहे, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात आहे शादलू. पलटननं लिलावात त्याच्यावर २ कोटी ३५ लाख रुपये मोजलेत. ते पैसे कशाचे? त्याच्या आगीचेच. पण त्या आगीभोवती साखळी धरणारे साथीदार आहेत आणि त्याला घोड्यासारखं उधळू न देणारा कर्णधार आहे. पलटन हरयाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवते. पुण्याचा संघ पहिल्यांदाच विजेता होतो, आणि शादलू त्या पर्वातला सगळ्यात यशस्वी बचावपटू ठरतो.

आक्रमक खेळाडू घ्यावा की शिस्तीचा, हा प्रश्न संघबांधणीच्या बैठकीत नेहमी विचारला जातो. हैदराबादेत तुम्ही त्याचं उत्तर पाहिलंत. दोन्ही एकाच माणसात मागायचं आणि ते येईल अशी संघाची घडी बसवायची.

केशोरी, याच हिवाळ्यातली एक रात्र

इटियाडोहच्या बाजूनं थंड वारा येतोय. मंडईचे दिवस, गावोगाव नाटकांचे मंडप, आणि इथे कबड्डीचं मैदान. चाळलेली माती, त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा, चारी कोपऱ्यांना हॅलोजन. पंधरा-वीस खेड्यांतली माणसं गोळा झालीत.

सामन्याआधी तुमचा संघ ओळीत उभा राहतो. सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, एकेकाचे हात उलटे करून नखं बघतात, दंडावर बोट फिरवून तेल नाही ना ते पाहतात. तुमच्या उजव्या कोपऱ्याच्या गड्याचं अंगठ्याचं नख वाढलंय. ब्लेडनं कापल्याशिवाय त्याला आत सोडत नाहीत. एवढीशी गोष्ट, पण तिच्यात खेळाचं सगळं तत्त्व आहे. जोर लावा, हवा तेवढा लावा, पण समोरच्याच्या कातडीवर ओरखडा तुमच्या निष्काळजीपणाचा नको.

दुसऱ्या सत्रात तोच उजवा कोपरा एका गड्याला सुंदर अडवतो. पकड पूर्ण, शिट्टी झाली, गुण मिळाला. आणि मग तो खाली पडलेल्याच्या पाठीत कोपर घालतो. हिरवं कार्ड त्याला आधीच मिळालेलं आहे. आता पिवळं. दोन मिनिटं बाहेर.

ती दोन मिनिटं तुम्ही अंगावर झेलता. सातांचे सहा झालात. साखळी तुटली. मध्यरक्षकाला कोपऱ्यात सरकावं लागतं आणि मधली जागा उघडी पडते. मैदानात सहा गडी आहेत म्हणजे बोनस चालूच. त्यांचा चढाईपटू आरामात बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो, एक गुण. पुढच्या चढाईत नवख्या कोपऱ्याला हात लावून परततो, आणखी एक. बाकावर बसलेला तुमचा साथीदार मान खाली घालून माती उकरतोय. कोपर त्यानं मारलं, पण हिशेब सहा जण चुकता करतायत. बेशिस्तीची ही बाजू ती करणाऱ्याला त्या क्षणी कधीच दिसत नाही.

तो परत येतो तेव्हा तुम्ही एका गुणानं मागे आहात. शेवटचं मिनिट. त्यांची 'करो या मरो' चढाई. गडी आत येतो, मध्यापाशी चकवा देतो, मग तुमच्याकडे वळतो. घाई केलीत तर तो उडी मारून निसटेल. उशीर केलात तर गुण घेऊन जाईल. त्याचा डावा पाय निदानरेषेच्या आत टेकतो, सगळा भार त्या पायावर येतो, आणि तुम्ही जाता. घोटा हातात. छाती जमिनीवर, गाल मातीत, बोटांची कडी बंद. वरून तुमचा उजवा कोपरा येतो, आता नीट, कमरेला. गडी मध्यरेषेकडे हात ताणतो. तीन बोटं कमी पडतात.

"धरून ठेव गा!" मंडपातून हाका.

शिट्टी.

तुमच्या अंगातलं रक्त अजून धावतंय. खालचा गडी झटका देतो, त्याची टाच तुमच्या हनुवटीला लागते. घोटा तुमच्या हातात आहे. जरासा पीळ दिला तर कुणाला कळणारही नाही. सिनसिनाटीत बर्फिक्टच्या हातात हाच क्षण होता.

तुम्ही बोटं उघडता. उठता, त्याला हात देता आणि आपल्या कोपऱ्याकडे परत जाता. बरोबरी झाली आहे आणि मैदानात तुम्ही सातच्या सात आहात. पुढची चढाई तुमची.

हा प्रवास तुम्हाला घडवला तो या एका कौशल्यासाठी, कारण ते शिकवलं जात नाही. आपल्या गावोगावच्या संघांत पकड घोटून घेतात. घोटा, मांडी, ब्लॉक, डॅश, शेकडो वेळा. सोडणं मात्र पोराच्या संस्कारावर सोपवलेलं असतं, आणि राग आला की संस्कार सगळ्यात आधी मैदान सोडतात. जे अंगवळणी पडलेलं असतं तेच अशा वेळी कामी येतं. म्हणून सरावात पकडीबरोबर शिट्टी वाजवा. जोर पूर्ण लागलेला असताना वाजवा, खालचा गडी मुद्दाम डिवचत असताना वाजवा, आणि त्याच श्वासात हात सुटतो का बघा. नाही सुटला तर ती पकड मोजू नका. स्पर्धा भरवणाऱ्यांनी उत्कृष्ट पकडीचं बक्षीस कार्ड न मिळालेल्या गड्यालाच द्यावं. आणि कर्णधारानं साथीदाराच्या कोपरावर टाळ्या वाजवणं बंद करावं, कारण ती टाळीच पुढच्या पिवळ्या कार्डाची सुरुवात असते.

पोरांना मवाळ करा असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. इथल्या झाडीपट्टीतल्या, या जंगलपट्ट्यातल्या पोराच्या अंगात जंगल तुडवण्याचं, चिखलात रोवणी करण्याचं बळ आहे. ते पूर्णच्या पूर्ण मैदानात उतरू द्या. ज्याला हात वेळेवर सोडता येतो, त्यालाच संघ निर्धास्तपणे सांगू शकतो: जा, जीव तोडून धर.